चिकन स्ट्यू आणि डम्पलिंग बेळगावच्या घरात: आधी आळणी नीट, मग गोळे

चिकन स्ट्यू विथ डम्पलिंग म्हटलं की लोकांना वाटतंय काहीतरी परदेशी भानगड, ओव्हन पाहिजे, चीज पाहिजे, आपल्याकडं सामान मिळायचं नाही. तसलं काही नाही वो. हे अमेरिकेतलं अगदी घरगुती जेवण आहे, एका कोंबडीत आणि थोड्या पिठात घरातली सगळी माणसं पोटभर जेवली पाहिजेत एवढाच त्याचा हेतू. कोंबडी हाडासकट पाण्यात हळूहळू शिजवायची, त्या रसात भाज्या घालायच्या, रस जरा दाट करायचा आणि शेवटी वर पिठाचे गोळे सोडून झाकण घालायचं. गोळे वाफेवर फुगत्यात, खालून रस पित्यात, आणि मग भाकरी नको, पाव नको, एका ताटलीत सगळं जेवण.

आता बघा, कोंबडीची आळणी, म्हणजे कोंबडी शिजवलेला बिनमसाल्याचा रस, आपल्याकडं रविवारी घरोघरी होतीय. वरणफळं आपण करतो, गणपतीत मोदकाची उकड काढतो. म्हणजे या पदार्थाला लागणारी सगळी कामं हाताला माहीत आहेत, फक्त ती एका पातेल्यात एकत्र येत नाहीत एवढंच. आणि बेळगावला पाव, बेकरी, सूप हे काही नवीन नाही, १८१८ साली किल्ला इंग्रजांकडं गेला, पुढं लष्कराचा कॅम्प उभा राहिला, तेव्हापासून दोन्हीकडची जेवणं या गावात शेजारी शेजारी शिजत आल्यात.

मला यात एकच गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. लोक डम्पलिंगच्या मागं लागत्यात, मैदा किती, बेकिंग पावडर किती, फुगलं का नाही फुगलं, आणि खालचा रस मात्र कसातरी उरकत्यात, पाणी ओतलं, स्टॉक क्यूब टाकला, झालं. पण गोळ्याला स्वतःची चव काय असते? मीठ आणि पीठ. तो जे पितो तीच त्याची चव. रस पाणचट असला तर गोळा कितीही फुगू दे, खाताना ओला पाव खाल्ल्यासारखंच वाटणार. म्हणून माझ्या हिशोबानं निम्म्याहून जास्त काम आळणीत आहे आणि मी त्याच्यावरच जास्त लिहिणार आहे.

कोंबडी कुठली घ्यायची

चार-पाच माणसांना १ किलो कोंबडी बास होतीय, हाडासकट. बोनलेस घेऊन हा पदार्थ करू नका, हाडं, सांधे आणि त्याच्या भोवतीच्या पडद्यात जे असतंय तेच हळू शिजून रसात उतरतंय आणि रसाला तो ओठाला चिकटणारा दाटपणा येतोय. उरलेली आळणी फ्रिजमध्ये ठेवल्यावर सकाळी जेलीसारखी थिजलेली दिसली तर समजायचं बरोबर जमली. चिकन सेंटरवाल्याला सांगायचं, मोठे तुकडे कर, तंगडी-मांडी अख्खी ठेव, छातीचे दोनच भाग कर, आणि पाठ, मान टाकू नको, ती पण दे. पाय मिळाले तर चार-सहा पाय मागून घ्या, वरची पिवळी साल काढून, नखं तोडून. पायातनं जेवढा दाटपणा येतोय तेवढा कशातनंच येत नाही आणि ते स्वस्त मिळत्यात.

करी कट मात्र नको. बारीक तुकडे केले की हाडाचे कण रसात पडत्यात, मुलांच्या तोंडात येत्यात आणि पुढं मांस हाडावरून काढायचं असतंय ते काम किचकट होऊन बसतंय.

ब्रॉयलर का गावठी, हा प्रश्न येणारच. ब्रॉयलर लवकर शिजतंय, मांस मऊ, पण रसाला चव कमी. गावठीची चव काही वेगळीच, पण कोंबडी जुनी असली तर दोन तास कुकरशिवाय पातेल्यात शिजवायची तयारी पाहिजे. तलंग, म्हणजे अजून अंडी न घालणारी कोवळी कोंबडी, मिळाली तर सगळ्यात छान, रसाला चव पण येतीय आणि मांस पण लवकर मऊ होतंय. खानापूर, जांबोटीच्या बाजूला किंवा निपाणी-चिकोडीच्या खेड्यापाड्यात ओळखीच्या घरी विचारलं तर मिळून जाते. मला रोजच्यासाठी ब्रॉयलर आणि वर पाय, मान हा मेळ बरा वाटतोय, खर्च पण आवाक्यात राहतोय.

आणि एक, कच्चं चिकन नळाखाली धरून धुऊ नका. शिंतोडे उडून सिंकभर, भांड्यांवर, शेजारच्या कोथिंबिरीवर पडत्यात आणि पोटाच्या तक्रारी तिथनंच सुरू होत्यात. पातेल्यात पाणी घेऊन अलगद खळबळून घ्या, पाणी सावकाश ओता, मग हात आणि कट्टा साबणानं धुवा.

आळणी

जाड बुडाचं, रुंद तोंडाचं पातेलं घ्या, पाचेक लिटरचं. रुंद का, तर शेवटी गोळे एकमेकाला न चिकटता वर मावले पाहिजेत. त्यात चिकन घालून गार पाणी ओतायचं, २ लिटर. गार पाण्यापासून सुरुवात केली की रस हळूहळू सुटतोय आणि मळी एकत्र होऊन वर येतीय, एकदम उकळत्या पाण्यात टाकलं की तीच मळी रसात मिसळून जातीय. मध्यम आचेवर ठेवायचं आणि उकळी फुटायच्या बेताला आलं की वर करडा फेस दिसायला लागतोय, तो पळीनं काढून टाकायचा. पाच-सात मिनिटं पातेल्याजवळ उभं राहा, फेस यायचा थांबेपर्यंत. हे झालं की मगच बाकीचं घालायचं, आधी घातलं तर फेसाबरोबर मिरीदाणे पण निघून जात्यात.

आता एक मोठा कांदा चार भाग करून, एक गाजर मोठे तुकडे करून, लसणाच्या सहा-सात पाकळ्या ठेचून, बोटाच्या पेराएवढं आलं, दोन तमालपत्रं, आठ-दहा काळी मिरी. तिकडं सेलरी घालत्यात, आपल्याकडं नाही मिळाली तर त्याच्यावर अडून बसू नका, कोथिंबिरीच्या काड्या घाला, जुडी निवडल्यावर ज्या आपण टाकून देतो त्याच, दोऱ्यानं बांधून. मीठ आत्ता एकच छोटा चमचा, बाकीचं शेवटी, कारण रस आटणार आहे. हळद मात्र नको. आपल्या आळणीत हळद लागतेच, पण इथं पुढं दूध-लोणी येणार आहे आणि हळदीचा वास त्यात वर येतोय. घालायचीच असली तर चिमूटभर, रंगापुरती.

थाइम नावाचा पाला या स्ट्यूचा मुख्य वास आहे. सुपरमार्केटात वाळलेला मिळतोय, पण नसला तरी आपल्याकडं ओवा आहे. दोन्हीत थायमॉल नावाचा एकच सुगंधी घटक असतोय, म्हणून वास जवळजवळ तिकडंच जातोय. फक्त ओवा तिखट आणि जोराचा, त्यामुळं पाव चमचा पण जास्त होतोय, दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढाच हातावर चोळून घाला. दारात ओव्याच्या पानांची कुंडी असली तर त्यातली दोन पानं घाला, मला तर तेच जास्त आवडतंय, उग्रपणा कमी आणि वास गोडसर.

मग आच बारीक. पाणी खदखदायला नको, कडेनं एखादा दुसरा बुडबुडा यावा एवढंच. खदखदलं की चरबी रसात फेटली जातीय आणि रस गढूळ, तेलकट होतोय, आणि छातीचं मांस पण दोऱ्या-दोऱ्याचं कोरडं होतंय. झाकण अर्धवट ठेवा.

ब्रॉयलर असलं तर २०-२५ मिनिटांनी छातीचे भाग काढून ताटलीत ठेवा, तेवढ्यात ते शिजलेले असत्यात, जाड भागाला सुरी घालून बघा, आत गुलाबी दिसलं नाही आणि पाणी स्वच्छ आलं म्हणजे झालं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असलेल्यांनी आत ७४ अंश सेल्सिअस बघावं. तंगड्या-मांड्या आणखी १०-१५ मिनिटं. सगळं काढलं, जरा निवलं की मांस हाडावरून सोडवा, बोटभर तुकडे ठेवा, फार कुस्करू नका, झाकून ठेवा नाहीतर वाळतंय. आणि हाडं परत पातेल्यात. बरेच जण हाडं इथंच फेकून देत्यात, तसं करू नका, अजून ४५ मिनिटं ती त्याच बारीक आचेवर राहू द्या, खरी चव याच वेळात येतीय.

गावठीला कुकर चालतोय. पाच-सहा शिट्ट्या, मग दहा मिनिटं मंद, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची, शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतलं पाणी एकदम उसळतंय आणि रस गढूळ होतोय. उघडून मांस बोटानं दाबून बघा, सुटत नसलं तर आणखी दोन शिट्ट्या.

शेवटी गाळून घ्या. साधारण दीड लिटर रस मिळाला पाहिजे, कमी भरला तर गरम पाणी घालून तेवढा करा. वर पिवळा तवंग दिसेल, तो सगळा काढू नका, दोन-तीन चमचे बाजूला वाटीत ठेवा, आत्ता लागणार आहे. इथं चमच्यानं चव घेऊन बघा, थोडं मीठ टाकून नुसतीच प्यावी वाटली पाहिजे. नाही वाटली तर अजून आटवा, पुढं जाऊ नका.

स्ट्यू

पातेलं पुसून त्यात तो तवंग आणि घरचं लोणी, मिळून ५० ग्रॅम होईल एवढं. विकतचं बटर असलं तर त्यात मीठ असतंय हे लक्षात ठेवा. एक कांदा बारीक चिरून परता, लाल नाही करायचा, मऊ आणि पारदर्शक. दोन गाजरं आणि एक बटाटा मोठ्या फोडी करून घाला, दोन मिनिटं परता. बटाट्याऐवजी रताळं घालून बघा एकदा. आपल्या तालुक्याच्या पश्चिमेला बेळगुंदी, उचगावच्या बाजूला लाल मातीत रताळी होत्यात, त्याची गोडी या पांढऱ्या रसाला फार शोभतीय. मात्र रताळं बटाट्यापेक्षा लवकर विरघळतंय म्हणून फोडी जरा मोठ्या.

आता ४-५ मोठे चमचे सपाट मैदा भुरभुरा आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं हलवत राहा. कच्चा वास गेला पाहिजे, रंग बदलायला नको. मग गरम आळणी एक एक पळी घालत ढवळायची. पहिल्या दोन-तीन पळ्यांना घाई करू नका, गुठळी होतीय ती तिथंच, एकदा गुळगुळीत झालं की बाकी सगळी आळणी ओतली तरी चालतंय. उकळी आली, भाज्या निम्म्या शिजल्या की काढून ठेवलेलं चिकन घाला, मूठ-दोन मूठ मटार घाला, थंडीत ताजा मिळतोय तेव्हा ताजाच. एक वाटी कोमट दूध शेवटी, आणि दूध घातल्यावर खळखळून उकळू देऊ नका, फाटायची शक्यता असतीय. मिरी भरपूर, ताजी कुटून. मीठ आत्ता चाखून घाला आणि किंचित जास्तच ठेवा, कारण गोळे मीठ ओढून घेत्यात.

दाटपणा किती? पळीच्या पाठीवर पातळ थर राहावा, बास. या वेळी तुम्हाला वाटेल की स्ट्यू पातळच आहे, अजून मैदा घालावा. नको. गोळ्यांचं सुटं पीठ रसात उतरतंय, १५ मिनिटांत तो आपोआप दाट होणार आहे.

मैद्याचे फुगणारे गोळे

२५० ग्रॅम मैदा, म्हणजे २०० मिलीच्या वाटीनं साधारण अडीच वाट्या. ३ छोटे चमचे सपाट बेकिंग पावडर, पाऊण चमचा मीठ, चिमूटभर साखर वाटली तर. हे सगळं कोरडंच दोनदा चाळून घ्या म्हणजे पावडर सगळीकडं सारखी पसरतीय. वेगळ्या भांड्यात १८० मिली गार दूध, वाटीला थोडं कमी, आणि ५० ग्रॅम वितळवून निवलेलं लोणी. कोथिंबीर बारीक चिरून मूठभर.

बेकिंग पावडर जुनी आहे का बघायचं असलं तर वाटीत गरम पाणी घेऊन अर्धा चमचा टाका, लगेच फसफसलं तर चांगली, नुसतं ढवळल्यासारखं झालं तर नवीन डबी आणा. आपल्याकडं पावसात डबी ओल धरतीय त्यामुळं हे बघून घेतलेलं बरं. आणि खायचा सोडा म्हणजे बेकिंग पावडर नव्हे, सोड्याला आंबट लागतंय तेव्हाच तो काम करतोय. पावडर नसलीच तर पाऊण छोटा चमचा सोडा घ्या आणि दुधाच्या जागी आंबट ताक, तेवढंच, गोळे छान फुगत्यात. नुसत्या दुधात सोडा टाकलात तर साबणासारखी चव येतीय.

ओलं कोरड्यात ओता आणि लाकडी चमच्यानं दहा-बारा वेळा फिरवा. थांबा. पीठ खडबडीत दिसणार, मधे कुठं कोरडा मैदा दिसणार, चालतंय. आपल्या हाताला चपातीच्या कणकेची सवय, मळून मळून गुळगुळीत करायची, पण इथं तेच करायचं नाही. मैदा मळला की त्यात चिवटपणा तयार होतोय, चपातीला तो पाहिजे असतोय कारण लाटायची असतीय, या गोळ्याला नको. मळलेला गोळा फुगत नाही, रबरासारखा होतोय. भिजवून ठेवायचं पण नाही, पावडर ओली झाली की काम सुरू करतीय, म्हणून स्ट्यू तयार होऊन उकळत असतानाच पीठ कालवायचं.

दोन चमचे घ्या, एकानं पीठ उचलायचं आणि दुसऱ्यानं रसावर सोडायचं, लिंबाएवढं. फुगून दुप्पट होणार म्हणून मधे बोटभर जागा सोडा. ढवळून बुडवू नका, खालून रसात शिजतंय आणि वरून वाफेवर, अशी दोन्ही कामं एकाच वेळी होत्यात. रस आधी उकळता पाहिजे, गार किंवा कोमट रसात सोडले तर गोळे विरघळून पीठ होत्यात. आणि खाली चिकन, भाज्यांचा थर असू दे म्हणजे गोळे त्याच्यावर टेकत्यात.

आता झाकण. घट्ट बसणारं, आणि आत सुती फडकं बांधलेलं, मोदकाच्या वेळी बांधतो तसंच, नाहीतर झाकणावर साठलेलं पाणी टपटप गोळ्यांवर पडतंय आणि वरचा भाग चिकट होतोय. फडक्याची टोकं वर गाठ मारून घ्या, गॅसच्या ज्योतीकडं लोंबायला नकोत. आच मंद, १५ मिनिटं, आणि या १५ मिनिटांत झाकण उघडायचं नाही. वाफ निघून गेली की अर्धे फुगलेले गोळे खाली बसत्यात आणि मग कितीही वेळ ठेवा, वर येत नाहीत. काय चाललंय ते बघायची फार इच्छा होत असली तर काचेचं झाकण वापरा, फडकं न बांधता, वरच्या बाजूला थोडा ओलसरपणा येतोय पण मनाला समाधान मिळतंय.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे, इथं पाणी ९७-९८ अंशालाच उकळतंय, त्यामुळं परदेशी रेसिपीत १२-१३ मिनिटं लिहिलेली असली तरी आपण पूर्ण १५ द्यायची. मग एक गोळा काढून मधे फोडा. आतून कोरडी, इडलीसारखी जाळी दिसली पाहिजे. मधे कच्चा पांढरा ठिपका दिसला तर झाकण घालून आणखी ३ मिनिटं.

तांदळाचे मुटके

ज्यांना मैद्याचे गोळे नको असत्यात, किंवा घरात म्हाताऱ्या माणसांना ते पचत नाहीत, त्यांनी तांदळाच्या उकडीचे करावेत. खरं सांगायचं तर मला स्वतःला हेच जास्त जवळचे वाटत्यात. पिठासाठी तांदूळ जरा चिकट बघा, घरात इंद्रायणी असेल तर उत्तम.

इथं सगळा नियम उलटा. मैद्याला हात लावायचा नाही, तर तांदळाला हात जेवढा लावाल तेवढं चांगलं. तांदळात मैद्यासारखा चिवटपणा नसतोय, त्यामुळं गार पाण्यात भिजवलेल्या पिठाचे गोळे रसात सुटून जात्यात. उकळत्या पाण्यात पीठ शिजून चिकट होतंय, तेच त्याला धरून ठेवतंय. एक वाटी पाणी उकळा, त्यात मीठ आणि एक चमचा लोणी, मग एक वाटी पीठ एकदम घालून उलथन्याच्या दांड्यानं ढवळा, झाकण घालून गॅस बंद, पाच मिनिटं. परातीत काढून गरम असतानाच पाण्याचा हात घेत चांगलं मळा, भेगा राहायला नकोत. दोन चमचे ओलं खोबरं घातलं की सुंदर लागतंय. मग सुपारीपेक्षा जरा मोठे गोळे करून प्रत्येकाला अंगठ्यानं मधे खळगा पाडायचा, म्हणजे मधला भाग कच्चा राहत नाही आणि खळग्यात रस बसतोय. उकळत्या स्ट्यूत सोडा, हे बुडत्यात, घाबरू नका, अलगद एकदा बुडापासून सोडवा, ८-१० मिनिटांत वर येत्यात. यांना झाकणाची एवढी कडक शिस्त नाही. मात्र हे पीठ रसात फार उतरत नाही, म्हणून यांच्यासाठी स्ट्यू सुरुवातीलाच थोडा दाट ठेवायचा.

ज्वारीचं पीठ पण याच रीतीनं चालतंय, निम्मी ज्वारी निम्मा तांदूळ. नुसत्या ज्वारीचे केले तर जरा भुसभुशीत होत्यात पण चव अशी खमंग की तिखट रश्श्यासोबत त्याला तोड नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडं तिसरी पद्धत पण आहे, पीठ पातळ लाटून पट्ट्या कापायच्या आणि रसात शिजवायच्या. फुगत नाहीत, मऊ आणि गुळगुळीत राहत्यात. वरणफळं येत असत्यात त्यांना हे सांगायलाच नको, मैद्याच्या पिठात बेकिंग पावडर घालायची नाही, थोडं मळायचं, लाटून शंकरपाळ्यासारखे काप करून सुटे सुटे टाकायचे, सात-आठ मिनिटं. घाईच्या दिवशी हे सगळ्यात सोपं.

वरून कट

आता आपल्या घरात तिखटाशिवाय घास न उतरणारी माणसं असणारच, आणि त्यांचं पण बरोबर आहे. त्यांच्यासाठी स्ट्यूत तिखट घालू नका, सगळ्यांची चव एक होऊन जातीय आणि लहान मुलांना, आजारी माणसाला देता येत नाही. वेगळा कट करा. दोन संकेश्वरी मिरच्या तिखटासाठी, चार ब्याडगी रंगासाठी, गरम पाण्यात भिजवून लसणाच्या चार पाकळ्यांबरोबर बारीक वाटा. तीन मोठे चमचे तेल तापवून मंद आचेवर हे वाटण तेल सुटेपर्यंत परता, त्यात स्ट्यूत ओतायच्या आधी बाजूला काढलेली पळीभर आळणी, मीठ, एक उकळी. वर लाल तवंग आला की झालं. हा वाटीत वेगळा ठेवायचा, ज्याला पाहिजे त्यानं आपल्या ताटलीत वरून घ्यावा. पांढऱ्या रसावर तो लाल तवंग पसरला की बघूनच भूक लागतीय. ब्याडगी नसली तर नुसत्या संकेश्वरीच्या चार घालू नका, झोंबतंय.

वाढायचं कसं

खोलगट ताटलीत आधी रस आणि चिकन, वर दोन-तीन गोळे, कोथिंबीर, मिरी. लिंबू ज्याच्या त्याच्या आवडीवर, दुधाचा रस असल्यानं मी पिळत नाही. सोबत काकडीची कोशिंबीर किंवा नुसता कांदा. भात करायची गरज नाही, पण केलात तर रागवणारं कुणी नाही. गोळे शिजले की लगेच जेवायला बसायचं, आषाढात बाहेर पाऊस लागलेला असताना, श्रावण लागायच्या आधीचे जे दोन-तीन रविवार असत्यात त्यांच्यासाठी याच्याएवढं दुसरं जेवण नाही असं माझं मत.

दहा-बारा माणसं येणार असली तर सगळं दुप्पट करा पण एकाच पातेल्यात गोळे दोन थरात सोडू नका, खालचे कच्चे राहत्यात. दोन पातेली लावा. आळणी आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवली तर उत्तमच, वरची चरबी थिजून ताटलीसारखी निघून येतीय आणि दुसऱ्या दिवशीचं काम निम्मं होतंय.

उरलं तर गोळे आणि रस वेगळे ठेवा. एकत्र ठेवले की रात्रभरात गोळे सगळा रस पिऊन टाकत्यात आणि सकाळी लापशी झालेली असतीय. निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवायचं. गरम करताना आधी रसात थोडं पाणी किंवा दूध घालून उकळी आणा, मग गोळे सोडून झाकण घालून पाच मिनिटं मंद. मैद्याचे गोळे फ्रीझरमध्ये टाकू नका, नंतर ते पिठूळ होत्यात, आळणी मात्र डब्यात भरून फ्रीझरला महिनाभर सहज राहतीय, डब्यावर तारीख लिहून ठेवा, आणि डबा काठोकाठ भरू नका, गोठताना ती फुगतीय.